पायगाडीचा जीर्णोद्धार

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी, नाणी आणि सनदा ह्यांची नावे आपल्या ओठांवर येतात. आज ज्या साधनाविषयी मी आपणांशी चार शब्द बोलणार आहे, ते कोणत्याही दप्तरखान्यात सापडत नाही. पुष्कळांच्या घरी ते जिन्याखाली किंवा परसातील पडवीत धूळ खात उभे असते. ते साधन म्हणजे जुनी सायकल होय. आमच्या आजोबांच्या पिढीतील लोक तिला पायगाडी म्हणत, आणि मला तो शब्द फार आवडतो. बीड जिल्ह्यातील शाळांत मी अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. परंतु घरातल्या पायगाडीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची बुद्धी मला सेवानिवृत्तीनंतर झाली, आणि तीही एक मोठी चूक करून बसल्यावर. त्या चुकीची हकीकत सांगावी व तीतून जे शिकलो ते आपल्यापुढे ठेवावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम ह्या वाहनाची कुळकथा थोडक्यात पाहू. १८१७ साली जर्मनीतील मानहाइम येथे कार्ल ड्राइस ह्या गृहस्थाने दोन चाकांची एक लाकडी गाडी चालवून दाखविली. तिला पायडल नव्हते. बसणाऱ्याने जमिनीला पाय रेटीत पुढे जावयाचे. १८६० नंतरच्या दशकात पॅरिस येथे पुढच्या चाकाला पायडल बसले. मग वेगाच्या लोभाने ते पुढचे चाक वाढत वाढत पुरुषाच्या खांद्यापर्यंत पोहोचले, आणि त्यावरून पडणारांची हाडे मोडू लागली. १८८५ साली कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली ह्यांनी साखळीने मागचे चाक फिरविणारी, बसणाऱ्याचे पाय जमिनीला टेकतील अशी बेताच्या उंचीची 'रोव्हर' सायकल केली. १८८८ साली बेलफास्ट येथील डनलॉप ह्यांनी हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आपण आज जिला सायकल म्हणतो तिचा घाट ह्या दोन गोष्टींनी ठरला.

ह्याच १८८८ सालाशी आपल्या मराठी मुलखाचाही एक धागा जोडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईस व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते व त्यांचे बंधू रामूअण्णा बेळगावास होते. ह्या दोघा बंधूंनी बेळगावात सायकलींचे दुकान थाटले, आणि किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ त्या दुकानापासून, १८८८ सालापासून, मानला जातो. पुढे त्यांच्या कारखान्यात कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर तयार झाले, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. ज्या नांगराने आमच्या मराठवाड्यातील काळी जमीन उलथली, त्याचे मूळ असे एका सायकलीच्या दुकानात आहे.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. बीड हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग. बीड शहराला आगगाडीचे दर्शन व्हावयास १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला, हे आपणांस ठाऊकच आहे. त्यापूर्वी आमची आगगाडी म्हणजे एका बाजूस जालना आणि दुसऱ्या बाजूस अहमदनगर. जेथे लोहमार्ग नाही, मोटार क्वचित आणि घोडे बाळगण्याची ऐपत नाही, तेथे शाळामास्तर, टपालवाला, तलाठी ह्यांना सायकल म्हणजे केवढा आधार वाटत असेल, ह्याची कल्पना करावी. बालाघाटाच्या चढावर ती हाताने ढकलावी लागे. तरीसुद्धा दिवसभराची पायपीट ती दोन प्रहरांवर आणीत असे.

माझे वडील अशाच एका खेड्यातील शाळेवर मास्तर होते. त्यांची सायकल 'रॅले' होती. तिची खरेदीची पावती आमच्या घरी एका पत्र्याच्या डब्यात अद्याप आहे. ती उर्दूत आहे, कारण संस्थानचा व्यवहार उर्दूत चाले. तिच्यावर १३४९ हे फसली साल आहे. फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे ही खरेदी १९३९-४० मधील. किंमत ९१ रुपये हाली सिक्का. संस्थानचा रुपया हाली, इंग्रजी रुपया कलदार. सहा कलदारांना सात हाली हा सर्वसाधारण भाव. तेव्हा वडिलांनी कलदार ७८ रुपयांची वस्तू घेतली. बाहेरून संस्थानात येणाऱ्या मालावर करोडगिरी, म्हणजे जकात, शेकडा पाच बसे. तीही ह्याच किमतीत गिऱ्हाइकाच्या माथी आली असणार. वडिलांनी ती सायकल जालन्यास घेतली आणि शहागडास गोदावरी ओलांडून, गेवराईमार्गे, दोन दिवसांत घरी आणली. पाहा, एका कागदाच्या तुकड्यात राज्य, भाषा, कालगणना, नाणे आणि जकात एवढ्या गोष्टी आल्या! परंतु कागद वाचणारा मी, खुद्द सायकल वाचावयास मात्र शिकलो नव्हतो.

ती चूक अशी. निवृत्तीनंतर, २०१९ साली, वडिलांची आठवण म्हणून ती सायकल नवी करावी असे माझ्या मनात आले. मी ती एका कारागिराकडे नेली आणि सांगितले, "सगळे नव्यासारखे दिसले पाहिजे." त्या बिचाऱ्याने माझ्या शब्दाबाहेर काही केले नाही. जुना रंग घासून काढला, भट्टीचा काळाभोर रंग चढविला, गंजलेले भाग टाकून नवे बसविले. पुढचा चिमटा त्याला सदोष वाटला, म्हणून तोही बदलला. सायकल आरशासारखी चकाकू लागली. शेजाऱ्यांनी वाखाणली. मी पेढे वाटले.

पुढे महिनाभराने माझ्या वृद्ध आत्याबाई आमच्याकडे आल्या. त्या वेळी त्यांचे वय ८२ होते. सायकल पाहताच त्या जवळ गेल्या, वाकून पुढच्या चिमट्यावरून हात फिरविला आणि म्हणाल्या, "बाळ, चिमट्यावरचा तो पितळेचा जोड कुठं गेला रे?"

मला काही उमजेना. मग त्यांनी सांगितले ते असे. १९४८ सालच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भयाने आमच्या घरच्या मंडळींनी रातोरात गाव सोडले व सरहद्द ओलांडून नगर जिल्ह्यातील नातेवाइकांचा आसरा घेतला. गाडीबैल आधीच गेलेले. वडील सायकल हाती धरून चालले होते. कॅरिअरवर अकरा वर्षांच्या आत्याबाई आणि नळीला बांधलेले एक बोचके. एका ओढ्यात सायकल दगडावर आदळून चिमट्याला चीर गेली. सरहद्दीपलीकडच्या पहिल्या गावात एका लोहाराने टाकणखार घालून पितळेची झाळ दिली आणि निर्वासितांकडून पैसे घेण्याचे नाकारले. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली, १७ तारखेस संस्थान शरण आले, आणि मंडळी त्याच सायकलीसह घरी परतली. पितळेचा तो जोड पुढे सत्तर वर्षे टिकला. ही हकीकत मी लहानपणी ऐकली होती. परंतु ती कोठे लिहून ठेवली आहे हे मला कळले नाही. जेथे लिहिली होती तो चिमटा मी स्वतःच्या आज्ञेने भंगारात धाडला होता. त्या कारागिराकडे धाव घेतली. परंतु भंगार केव्हाच वितळावयास गेले होते.

श्रोतेहो, जुन्या देवळाला तैलरंग फासणाऱ्या पंचांची मी वर्गात कितीदा टर उडविली होती! त्यांच्यात आणि माझ्यात काय अंतर उरले? जुने ते सोने असे आपण म्हणतो. परंतु उजाळा देताना सोनारही आधी वजन करून घेतो. मी वजन न करताच भट्टी पेटविली.

ह्या पश्चात्तापातून मी जुन्या सायकली वाचावयास शिकलो, आणि दोन वर्षांनी दुसरी सायकल घेतली. ती आठवड्याच्या बाजारात भंगारवाल्याकडे उलटी पडलेली होती. लोखंडाच्या वजनाने, वीस किलोचे सहाशे रुपये दिले. घेताना मी रंगाकडे पाहिले नाही. सांगाडा सरळ आहे ना, नळ्यांच्या सांध्यांना चीर नाही ना, खोगिराचा दांडा नळीत गंजून घट्ट बसला नाही ना, एवढे पाहिले. बाकी सर्व दुरुस्त होते. वाकलेला सांगाडा मात्र जन्माचा वाकडा राहतो.

मग काम सुरू केले. प्रथम छायाचित्रे घेतली, त्यानंतरच पाना हाती घेतला. पायडलाच्या दांड्यांत अडकलेली कॉटर पिन काढताना आमची मुले हातोडीने तिचे आटे चेचून टाकतात. नट थोडा सैल करून पिनेवरच ठेवावा, दांड्याखाली भक्कम आधार द्यावा आणि एकच जोराचा घाव घालावा. पिन सुटते व आटे वाचतात. छर्रे मोजून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवावेत. सर्व लोखंडी भाग रॉकेलमध्ये रात्रभर बुडवावेत. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमचा कागद पाण्यात भिजवून चोळल्याने जातो. रंग खरवडू नये. मऊ फडक्याने व तेलाने हळूहळू मळ काढावा. मी असा मळ काढीत असता मडगार्डावर सोनेरी रेघ उमटली. नंतर मधल्या नळीवर कोण्या विक्रेत्याची पत्र्याची पट्टी आणि शेवटी हँडलाखालच्या नळीवर 'हिंद' हे नाव दिसले. त्या वेळी मला जो आनंद झाला, तो नव्या रंगाच्या सायकलीने कधी दिला नव्हता.

सायकलीच्या अंगावरची प्रत्येक खूण काही सांगत असते. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचे चिन्ह असेल तर ती बी.एस.ए.; हा बर्मिंगहॅमचा बंदुकांचा कारखाना. दातेरी चक्रात करकोच्यासारख्या पक्ष्याची डोकी असतील तर ती नॉटिंगहॅमची रॅले. तीन गतींचे स्टर्मी-आर्चर यंत्र असल्यास, युद्धानंतरच्या हबवर वर्ष व महिना अंकांत कोरलेला असतो. शिलालेखाप्रमाणे तो वाचता येतो. आणखी एक व्यवहाराची गोष्ट. नॉटिंगहॅमच्या रॅलेच्या मधल्या धुऱ्याच्या वाट्यांना इंचाला २६ आटे असतात, इतरांना साधारणतः २४. बाजारातील वाटी बळेच पिळली तर जुन्या सांगाड्याचे आटे कायमचे जातात. सुदैवाने २८ इंची चाकांचे टायर आणि दांड्यांच्या ब्रेकचे रबर आपल्याकडे आजही मिळते, कारण आपल्या देशात ह्या घाटाची सायकल अद्याप तयार होते.

माझी दुसरी सायकल मुंबईच्या हिंद सायकल्सची निघाली, हाही एक धडाच ठरला. वडिलांची सायकल परक्या राज्याच्या मालाची, ही स्वदेशी कारखान्याची. स्वातंत्र्याच्या सुमारास व नंतर आपल्याकडे सायकलींचे कारखाने भराभर निघाले: मद्रासेस टी.आय. १९४९ साली, सोनिपतास अॅटलस १९५१ साली, आसनसोलजवळ सेन-रॅले १९५२ साली, लुधियान्यास हीरो १९५६ साली. हिंद व सेन-रॅले हे दोन्ही कारखाने १९८० सालच्या कायद्याने सरकारने ताब्यात घेतले आणि पुढे ते बंद पडले. अॅटलसचा साहिबाबाद येथील कारखाना ३ जून २०२० रोजी थांबला, आणि तो नेमका जागतिक सायकल दिन होता. कारखाने गेले, त्यांच्या हातचे काम मात्र आपल्या पडव्यांत शिल्लक आहे. पुण्यास विक्रम पेंडसे ह्यांनी वर्षानुवर्षे जमविलेल्या जुन्या सायकलींचे संग्रहालय २०१७ साली लोकांसाठी उघडले. त्यात दुसऱ्या महायुद्धातील छत्रीधारी सैनिकांची, दुमडणारी बी.एस.ए. सायकलही आहे. मोठा संग्रह एखाद्यानेच करावा; परंतु आपल्या घरची एक सायकल जपणे प्रत्येकास शक्य आहे.

जपणे म्हणजे काचेत ठेवणे नव्हे, हेही सांगितले पाहिजे. पायगाडीचा जीर्णोद्धार ती पुन्हा चालू लागल्यावरच पुरा होतो. मी रोज पहाटे 'हिंद' घेऊन बिंदुसरेच्या काठाने कंकालेश्वराच्या देवळापर्यंत जातो. घाई नसते. जड सायकल एकदा वेग धरल्यावर मोठ्या समजूतदारपणे चालते; साखळीचा मंद आवाज आणि टायरखाली चिरडणारी वाळू ह्यांखेरीज काही ऐकू येत नाही. शाळकरी मुले थांबवून विचारतात, "गुरुजी, केवढ्याची?" मी त्यांना मडगार्डावरची सोनेरी रेघ दाखवितो.

वडिलांची सायकलही मी चालवितो. तिच्या चकाकीची आता मला थोडी लाज वाटते. आत्याबाई आज हयात नाहीत. त्या जाण्यापूर्वी मी त्यांच्या तोंडून ऐकलेली त्या रात्रीची सर्व हकीकत लिहून घेतली, खाली त्यांची सही घेतली, आणि तो कागद त्या पत्र्याच्या डब्यात, उर्दू पावतीशेजारी ठेवला आहे. पितळेच्या जोडाची सर त्याला नाही. म्हणूनच आपणांस हात जोडून एवढीच विनंती करतो: घरची जुनी पायगाडी कारागिराकडे नेण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला एकदा तिच्यावरून हात फिरवू द्या, आणि तो काय सांगतो ते ऐका. रंग कधीही देता येतो.