महामारी आणि शाळा : एक ऐतिहासिक विचार

राजांच्या लढायांचा इतिहास आपण आवडीने वाचतो. परंतु रोगांच्या साथींचा इतिहास मृतांच्या आकड्यापाशी येऊन थांबतो. साथ ओसरल्यावर जी मुले मागे राहिली त्यांच्या पाटी-पुस्तकाचे काय झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्या समाजाला आपली पुढील पिढी विद्यासंपन्न व्हावी असे वाटते, त्याने तो विचारणे अगत्याचे आहे. म्हणून ज्ञातिबांधवांपुढे तीन महामाऱ्यांचा हा अल्प वृत्तांत ठेवीत आहे.

इ. स. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईस मांडवी भागात ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग, प्रकट झाला व थोड्याच महिन्यांत पुण्यास पोहोचला. १८९७ च्या फेब्रुवारीत सरकारने साथरोगांचा कायदा केला. लोक घरे सोडून गावाबाहेर झोपड्यांत राहू लागले. अशा वेळी १८४८ पासून मुलींच्या शिक्षणासाठी झिजलेल्या सावित्रीबाई फुले आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंतराव यांच्यासह रोग्यांच्या शुश्रूषेस लागल्या. मुंढव्याकडील एका रोगग्रस्त बालकास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. पुढे त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. शाळेचे दार बंद झाले तरी शिक्षकाचा धर्म बंद होत नाही, हा धडा त्या माउलीने स्वतःच्या देहाने घालून दिला.

दुसरी साथ १९१८ च्या इन्फ्लुएंझाची. आपल्याकडील वृद्ध मंडळी तिला ‘मानमोडी’ म्हणत. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबई बंदरातून ती देशात शिरली आणि त्या वर्षाच्या शरदात तिने हाहाकार केला. त्यातच पावसाने दगा दिलेला. हिंदुस्थानात १ कोटीहून अधिक माणसे दगावली, असा अंदाज आहे. आपले राजूर त्या काळी निजामाच्या राज्यात औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे; जालना जिल्हा तर १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्या हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ च्या शिरगणतीत सुमारे १ कोटी ३४ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २५ लाखांवर आली. घरे ओस पडली. परंतु शाळा ओस पडल्याची हळहळ फारशी कोठे उमटली नाही. कारण उघड आहे. खेड्यापाड्यांत शाळाच विरळ होत्या, आणि बहुजनांच्या घरातील मूल शाळेत जाण्याचा प्रघात पडावयाचा होता. जे हाती आलेच नव्हते ते गेल्याचे दुःख कोण करणार?

तिसरी महामारी आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिली. मार्च २०२० च्या मध्यास कोरोनामुळे महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. मधल्या शंभर वर्षांत मोठे स्थित्यंतर घडून गेले होते. आता घरोघरचे मूल शाळेत जात होते, आणि म्हणूनच शाळेची हानी प्रथमच घरोघरची झाली. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे २७ जानेवारी २०२१ पासून उघडू लागले. दुसऱ्या लाटेने ते पुन्हा मिटले. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा सुरू झाले. पहिली ते चौथीची बालके मात्र १ डिसेंबर २०२१ पर्यंत घरीच होती. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेल्या मुलाने वर्गाचा उंबरठा ओलांडला तेव्हा ते दुसरीत होते!

राजूरच्या गणपतीवर ज्यांचे पोट, त्यांची अवस्था निराळी सांगावयास नको. राज्यातील देवालये मार्चपासून मिटली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. पुढे २०२१ च्या उन्हाळ्यात बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली. चतुर्थीची यात्रा नाही म्हणजे नारळ, फुले, प्रसाद यांची विक्री नाही. विक्री नाही म्हणजे घरात पैसा नाही. आणि पैसा नाही तेथे मुलाच्या अभ्यासासाठी मोबाईल कोठून येणार? शिक्षण दूरध्वनीच्या तारेवर गेले, आणि ज्याच्या हाती ते यंत्र नव्हते तो वर्गाबाहेर राहिला.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही पाठमाला लागली. सोलापुरात नीलमनगरच्या कामगार वस्तीत शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगविले. तथापि २०२१ मध्ये दहावीची परीक्षा होऊ शकली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर शेकडा ९९.९५ विद्यार्थी उत्तीर्ण ठरले. गुणपत्रिका मिळाली, पण विद्या किती मिळाली? देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतील ज्या मुलांना दुसरीचे पुस्तक वाचता येते, त्यांचे प्रमाण ‘असर’ पाहणीत २०१८ साली शेकडा ५० होते. २०२२ साली ते ४३ वर घसरले.

याहून गंभीर गोष्ट मुलींची आहे. महामारीच्या तोंडावर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जालना जिल्ह्यातील विशीतल्या तरुणींपैकी शेकडा ३० हून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षांच्या आत झालेले आढळले. जेथे शाळा हाच मुलीचा एकमेव आडोसा, तेथे शाळा मिटली की बोहला जवळ येतो. मुलगा कामावर गेला तर कधी परत येईल. सासरी गेलेली मुलगी वर्गात परत येत नाही.

आईबाप गमावलेल्या मुलांसाठी शासनाने २०२१ साली ५ लाख रुपयांची ठेव ठेवण्याचे ठरविले, ते योग्यच झाले. परंतु आईबाप असूनही ज्यांची शाळा सुटली, त्यांची गणना कोणी करावयाची? मेलेल्यांची नोंद मृत्यूंच्या नोंदवहीत होते. शाळेतून गळालेल्या मुलाची नोंद हजेरीपटावरील एका रेघेत संपते. ही रेघ पुसण्याचे काम सरकारपेक्षा समाजाच्या हाती अधिक आहे. आपल्या ज्ञातिसंस्थेने गावोगावच्या घरांची यादी करावी, २०२० ते २०२२ या काळात कोणाची शाळा सुटली ते लिहून काढावे, त्यांस रात्रीचे वर्ग, बाहेरून परीक्षेस बसण्याची सोय व पुस्तके द्यावीत. लग्न झालेल्या मुलींनाही यातून वगळू नये. वार्षिक मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार आपण करतोच. त्याच व्यासपीठावर शाळेत परतलेल्या एका मुलीचा सत्कार झाला, तर तो अधिक शोभून दिसेल.

साथी येतात आणि जातात. पुढचीही केव्हा तरी येईल. त्या वेळी आपल्या समाजातील एकही मूल शाळेच्या पटावरून नाहीसे होऊ नये, अशी राजुरेश्वराच्या चरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.