इंजिन ब्लॉक हीटर

कडाक्याच्या थंडीत उभ्या असलेल्या वाहनाचे इंजिन, ते सुरू करण्याआधी विजेवर कोमट करून ठेवणारे उपकरण. कॅनडा, अलास्का, अमेरिकेचा उत्तर पट्टा, फिनलंड, स्वीडन, नॉर्वे इथे ते सर्रास वापरात आहे. गाडीच्या पुढच्या जाळीतून पिनांचा प्लग लोंबताना दिसला की आत ब्लॉक हीटर आहे असे समजावे. पुण्या-मुंबईहून विनिपेग किंवा एडमंटनला नोकरीसाठी गेलेल्या माणसाला पेट्रोलच्या गाडीला प्लग कशाला, असा प्रश्न पहिल्या हिवाळ्यात पडला तर नवल नाही. आपल्याकडे गॅरेजात डिझेल गाडीचा ‘हीटर प्लग’ म्हणतात तो वेगळा. तो म्हणजे ग्लो प्लग. गाडीच्याच बॅटरीवर काही सेकंद तापून तो सिलिंडरमधली हवा गरम करतो. ब्लॉक हीटरला बाहेरची वीज लागते आणि तास-दोन तास वेळ लागतो.

उणे २०-३० अंशांत इंजिन दोन्हीकडून अडते. तेल दाट होऊन क्रँक फिरवायला जास्त जोर लागतो आणि नेमका तेव्हाच बॅटरीचा जोर ओसरतो. उणे १८ अंशांना तो निम्म्याच्या आसपास येतो. पातळ तेलाने थोडा फरक पडतो. डब्यावरच्या ‘५डब्ल्यू-३०’ मधला डब्ल्यू हा ‘विंटर’चाच. गाडी सुरू झाली तरी गार इंजिन पहिली काही मिनिटे इंधन जास्त खाते आणि धूरही घाण सोडते. अलास्कातल्या फेअरबँक्स शहरात अशा गार सुरुवातींमुळे हिवाळ्यात कार्बन मोनॉक्साइड साचण्याचा प्रश्न उभा राहिला होता. त्यावरच्या उपायांत वाहनतळांवर हीटरसाठी वीज पुरवणे हाही एक होता.

हीटर येण्यापूर्वी उत्तरेकडचे वैमानिक रात्री इंजिनातले तेल काढून घरात चुलीपाशी ठेवत आणि सकाळी गरम करून पुन्हा ओतत. विजेचा हीटर अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या ग्रँड फोर्क्सच्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४० च्या दशकात तयार केला. १९४९ मध्ये त्याचे पेटंट मिळाले. भंगारातली तांब्याची नळी आणि इस्त्रीतली तापणारी तार अशी त्याची पहिली सामग्री. सिलिंडर हेडच्या बोल्टच्या जागी बसत असल्याने त्याला ‘हेडबोल्ट हीटर’ म्हणत.

आजचा नेहमीचा प्रकार ब्लॉकच्या कुशीतल्या गोल भोकात बसतो. त्या भोकाच्या झाकणाला ‘फ्रॉस्ट प्लग’ म्हणतात आणि हे नाव फसवे आहे. बर्फापासून संरक्षण हे त्याचे मूळ काम नव्हेच. ब्लॉक ओतताना आत वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, ठेवतात. ती वाळू काढण्यासाठी ही भोके लागतात. कोल्हापूरच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. तिथे बसवलेली ४०० ते १००० वॉटची कॉइल कूलंटमध्ये बुडलेली असते. गरम कूलंट वर चढते, गार खाली येते, आणि ब्लॉक हळूहळू ऊब धरतो. चुलीवरच्या आधणाला उकळी फुटण्याआधी जसा बारीक सूं आवाज येतो, तसा प्लग लावल्यावर थोड्या वेळात बॉनेटखालून येतो. शांत पहाटे कान दिला तर हीटर चालू असल्याची तीच खूण. आवाज नाही आला तर प्लग काढून मल्टीमीटर लावावा: १२० व्होल्टवर चालणाऱ्या ४०० वॉटच्या कॉइलचा रोध ३६ ओहमच्या जवळपास हवा, काहीच न दाखवल्यास तार किंवा कॉइल तुटली.

रात्रभर हीटर चालू ठेवणे ही सवय आहे, गरज नव्हे. पारा शून्याच्या जरा खाली असेल तर अर्धा-एक तास पुरतो, उणे २० च्या खाली दोन-तीन तास. पुढे ब्लॉक जेवढी ऊब घेतो तेवढीच हवेत सोडतो. ६०० वॉटचा हीटर दहा तास चालला तर सहा युनिट जळतात. टायमरवर दोन तास चालवला तर जेमतेम सव्वा युनिट. फिनलंडमधल्या वाहनतळांवर खांबाच्या झाकणबंद पेटीत घड्याळच बसवलेले असते.

धोका कॉइलमध्ये कमी, तारेत जास्त. २०१८ मध्ये एका बड्या अमेरिकी कंपनीने उत्तर अमेरिकेतले साडेआठ लाखांहून अधिक पिकअप ट्रक दुरुस्तीसाठी परत बोलावले. हीटरच्या तारेच्या जोडात पाणी आणि घाण शिरून तो गंजत होता आणि आग लागण्याची भीती होती. रस्त्यावरचे मीठ, चिखल आणि बर्फ यांत महिनोन्‌महिने लोंबणाऱ्या प्लगचे असे होणारच. म्हणून हिवाळा लागण्यापूर्वी तार बोटांनी चाचपून पाहावी. चीर, काळवंडलेली पिन, हिरवट गंज यांपैकी काहीही दिसले तर तार बदलावी. चिकटपट्टी गुंडाळून वेळ मारून नेणे इथे महागात पडते. तार पंख्यापासून आणि एक्झॉस्टपासून दूर बांधलेली हवी.

एक्स्टेन्शन बाहेर वापरण्यासाठीच बनवलेले, तीन पिनांचे, अर्थिंग असलेले हवे. अमेरिकी मापात १४ गेज किंवा त्याहून जाड, म्हणजे सुमारे दोन चौरस मिलिमीटर. घरातले पातळ एक्स्टेन्शन भाराने तापते, आणि साध्या प्लास्टिकचे वेष्टन थंडीत कडक होऊन तडकते. वेटोळे करून ठेवलेली तार आतल्या आत तापते, तेव्हा ती पूर्ण सोडावी. जोड बर्फात किंवा डबक्यात पडू देऊ नये. गळती होताच वीज तोडणारे सॉकेट हवेच. लावताना आधी गाडीकडचा जोड आणि मग भिंतीचा; काढताना उलट. ओल्या हातमोज्यात जिवंत टोक येऊ नये, एवढ्यासाठी हा क्रम. प्लग न काढताच गाडी चालू करून निघून जाण्याचा प्रमाद तर इतका सार्वत्रिक की काही जण तार मुद्दाम आरशावरून घेऊन दारापाशी आणतात.

कूलंट कमी असेल तर कॉइल उघडी पडून जळते. कूलंट बदलल्यावर इंजिन चालवून आतली हवा काढल्याखेरीज हीटर लावू नये. बंद गॅरेजात हीटर चालेल, गाडी चालू ठेवलेली चालणार नाही.

तेलाच्या टाकीला चिकटवायची पट्टी, होजमध्ये बसणारा हीटर, बॅटरीचे ब्लँकेट असे इतर प्रकार आहेत. गोठलेल्या डिझेलवर मात्र यांतला एकही चालत नाही, कारण मेण धरते ते इंधनाच्या टाकीत आणि फिल्टरमध्ये. लडाखमध्ये ट्रकवाले टाकीखाली स्टोव्ह किंवा जाळ पेटवत आले आहेत. हा प्रकार जिवावरचा आहे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे डिझेल तिथे आणले, तो खरा इलाज.

महाराष्ट्रात हा हीटर भेटतो तो थंडीशी संबंध नसलेल्या जागी: रुग्णालयांच्या आणि डेटा सेंटरच्या मोठ्या जनरेटरवर, ‘जॅकेट वॉटर हीटर’ या नावाने. वीज गेल्यावर काही सेकंदांत पूर्ण भार उचलायचा तर इंजिन कायम कोमट हवे. म्हणून तो बारा महिने चालू असतो. सततच्या उष्णतेने त्याचे रबरी होज आतून कडक होतात आणि पहिली गळती तिथेच होते.