माराकानाची ‘जेराल’ : घरचे मैदान नेमके कोणाचे?

१६ जुलै १९५०. रिओ दि जानेरोचे माराकाना मैदान, ब्राझील विरुद्ध उरुग्वे. विश्वचषक जिंकण्यासाठी ब्राझीलला केवळ बरोबरी पुरेशी होती. तिकीट काढून आत आलेलेच पावणेदोन लाखांच्या जवळपास. विनातिकीट शिरलेले धरले तर अंदाज दोन लाखांकडे सरकतो. रिओची तेव्हाची लोकसंख्या सुमारे २४ लाख होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या गर्दीचा अर्थ उमगतो.

इतकी माणसे मावली कशी? मैदानाच्या कडेने खणलेल्या खंदकापलीकडे एक उघडी पट्टी होती. तिचे नाव ‘जेराल’, म्हणजे सर्वसाधारण. बसायला जागा नाही, डोक्यावर छप्पर नाही, आणि समोर दिसायचे ते बहुधा खेळाडूंचे पाय. मात्र सर्वांत स्वस्त तिकीट तेथलेच. रोजंदारीवरचा माणूसही तेथे उभा राहू शकत असे.

या गर्दीसमोर ब्राझीलने स्वीडनला ७-१ आणि स्पेनला ६-१ असे चिरडले होते. (७-१ हा आकडा लक्षात ठेवावा.) उरुग्वेविरुद्ध फ्रिआसाने उत्तरार्धाच्या आरंभीच गोल केला, तेव्हा उरुग्वेचा कर्णधार ओब्दुलिओ वारेला चेंडू काखेत घेऊन पंचांशी ऑफसाइडवरून वाद घालत राहिला. निर्णय बदलणार नाही हे त्याला ठाऊक होते. त्याला फक्त गर्दीचा आवाज थंड होऊ द्यायचा होता. पुढे स्किआफिनोने बरोबरी साधली, ७९व्या मिनिटाला गिज्जाने दुसरा गोल केला, आणि माराकाना मुके झाले.

प्रेक्षकांचा पाठिंबा म्हणजे हमखास विजय नव्हे, हे त्या दिवशी सिद्ध झाले. तरीही तो भ्रमही नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश प्रयोगात पंचांना एकाच सामन्याचे चित्रण दाखवले गेले, काहींना आवाजासह, काहींना आवाजाविना. ज्यांना गर्दी ऐकू येत होती, त्यांनी यजमान संघाविरुद्ध सुमारे १५ टक्के कमी फाउल दिले. वारेलाला हे कोणी शिकवावे लागले नव्हते.

२००५ साली जेराल बंद झाली. सुरक्षिततेचे कारण खोटे नव्हते, पण उभ्याची जागा गेली तशी स्वस्ताईही गेली. २०१४च्या विश्वचषकात अंतिम सामन्याचे सर्वांत महाग तिकीट १,९८० रेआलचे होते. ब्राझीलमधील किमान मासिक वेतन तेव्हा ७२४ रेआल. गटसाखळीसाठी स्थानिकांना ६० रेआलची तिकिटे राखून ठेवली होती, विद्यार्थी आणि ज्येष्ठांना त्यातही निम्मी सवलत. पण अशा जागा मर्यादितच होत्या.

येथे एक सोपा निष्कर्ष मोह पाडतो : गरीब प्रेक्षक गेला, म्हणून ब्राझील हरला. तो टाळलेला बरा. २०१३च्या कॉन्फेडरेशन्स चषकात, रस्त्यांवर महागाईविरुद्ध आणि विश्वचषकाच्या खर्चाविरुद्ध निदर्शने पेटलेली असताना, याच नव्या माराकानात प्रेक्षकांनी संगीत थांबल्यावरही राष्ट्रगीत गात राहून मैदान दणाणून सोडले आणि ब्राझीलने स्पेनला ३-० असे हरवले. महाग तिकीटवाल्यालाही घसा असतो. शिवाय १९५०ची स्वस्त गर्दीही हरलीच होती.

फरक कदाचित पडझडीच्या क्षणी दिसतो. १९५०च्या पराभवानंतर माराकानात शोककळा पसरली. ८ जुलै २०१४ रोजी बेलो होरिझोंते येथे उपांत्य सामन्यात २९व्या मिनिटालाच जर्मनीचे पाच गोल झाले, शेवट ७-१. तेथील प्रेक्षकांनी स्वतःच्याच संघाची हुर्यो उडवली आणि जर्मनांच्या पासेसवर ‘ओले’चा गजर केला.

पाच दिवसांनी माराकानावर अंतिम सामना झाला, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना. प्रेक्षक ७४,७३८. त्या संपूर्ण स्पर्धेत ब्राझीलचा संघ माराकानावर एकदाही उतरला नाही.