कोलकात्याच्या विद्यापीठ परिसरातील कॉफी हाऊस : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
कोलकात्यातील कॉलेज स्ट्रीट हा आधुनिक भारताच्या शैक्षणिक इतिहासातील महत्त्वाचा परिसर होय. १८५७ मध्ये स्थापन झालेले कलकत्ता विद्यापीठ, पूर्वीचे प्रेसिडेन्सी महाविद्यालय, संस्कृत महाविद्यालय आणि पुस्तकांची असंख्य दुकाने येथे एकवटलेली आहेत. याच परिसरातील कॉफी हाऊस बंगालच्या बौद्धिक जीवनाचे केंद्र म्हणून ओळखले जाते. मात्र मुळात ते शासकीय यंत्रणेने चालविलेल्या एका देशव्यापी साखळीतील विक्रीकेंद्र होते. त्याचे सार्वजनिक संस्थेत रूपांतर कसे झाले आणि ते कोणामुळे टिकले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

साखळीची पार्श्वभूमी :
१९३० च्या दशकातील जागतिक मंदीमुळे कॉफीचे भाव कोसळले. निर्यातीवर अवलंबून असलेल्या मळेवाल्यांसाठी देशातच ग्राहक निर्माण करणे आवश्यक झाले. या हेतूने कॉफी सेस कमिटीने १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेट येथे पहिले 'इंडिया कॉफी हाऊस' सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात युरोपची बाजारपेठ दुरावल्याने ही गरज अधिकच वाढली. १९४२ मध्ये कॉलेज स्ट्रीटलगतच्या अल्बर्ट हॉलमध्ये कॉफी हाऊस उघडले. ही वास्तू सार्वजनिक चर्चेला नवखी नव्हती. २६ जुलै १८७६ रोजी 'इंडियन असोसिएशन'ची स्थापना आणि १८८३ मध्ये 'इंडियन नॅशनल कॉन्फरन्स'चे अधिवेशन अल्बर्ट हॉलमध्येच झाले होते.

विद्यापीठ परिसरातील स्थान :
मराठीत 'अड्डा' या शब्दाला काहीशी हीन छटा आहे. बंगालीत मात्र त्याचा अर्थ मोकळ्या, दीर्घ गप्पांची बैठक असा होतो. अशा बैठकीस जागा आणि वेळ लागतो. कॉफी हाऊसने या दोन्ही गोष्टी अल्प दरात उपलब्ध करून दिल्या. 'इन्फ्युजन' म्हणजे बिनदुधाची कॉफी मागवून तासन्‌तास बसण्याची येथे मुभा होती. वर्ग संपल्यावर विद्यार्थी व प्राध्यापक, तसेच शेजारच्या दुकानांतील प्रकाशक आणि नवोदित कवी एकाच दालनात येत. १९५३ मध्ये सुरू झालेल्या 'कृत्तिबास'सारख्या लघुनियतकालिकांभोवती जमलेल्या कवींचा येथे वावर असे. १९६७ नंतरच्या नक्षलवादी चळवळीच्या काळात विद्यार्थ्यांचे राजकीय वादही येथे रंगत. वर्गात दिसणारे गुरु-शिष्यांतील अंतर टेबलाभोवती कमी होत असे, हे या स्थानाचे शैक्षणिक महत्त्व होय.

संकट आणि पुनरुज्जीवन :
१९५० च्या दशकाच्या मध्यास कॉफी बोर्डाने कॉफी हाऊसे बंद करण्याचे धोरण स्वीकारले आणि कामगारांवर बेकारीची वेळ आली. साम्यवादी नेते ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने कामगारांनी सहकारी संस्था स्थापन केल्या; त्यांपैकी पहिली १९५७ मध्ये बंगळूर येथे स्थापन झाली. कोलकात्यातील कॉफी हाऊसही १९५८ मध्ये बंद झाले. तेव्हा कलकत्ता विद्यापीठ व प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील प्राध्यापकांनी शासनाकडे निवेदन दिले आणि त्याच वर्षी ते पुन्हा सुरू झाले. पुढे त्याची मालकी कामगारांच्या सहकारी संस्थेकडे राहिली. ज्या साखळीने ही जागा निर्माण केली, तिनेच ती सोडून दिली. ती वाचविली ती मात्र तेथे राबणाऱ्यांनी आणि तेथे बसणाऱ्यांनी.

निष्कर्ष :
१९९६ मध्ये बंगळूर येथे 'कॅफे कॉफी डे' सुरू झाल्यानंतर खासगी कॉफी साखळ्या देशातील महाविद्यालयीन परिसरांत पोहोचल्या. त्यांच्याशी तुलना करता कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसचे वेगळेपण मालकीत व दरात दिसते. तथापि, त्याचे उदात्तीकरण करणेही योग्य नाही. येथील चर्चेत दीर्घकाळ सुशिक्षित मध्यमवर्गीय पुरुषांचेच प्राबल्य होते. शिवाय अड्ड्याच्या आठवणींत कवी व विचारवंतांची नावे येतात. पगडी व पट्टा घालून कॉफी आणून देणाऱ्या कामगारांची नावे क्वचितच आढळतात. ज्यांनी ही संस्था चालविली, त्यांना तिच्या इतिहासात स्थान मिळाल्याशिवाय तो इतिहास पूर्ण होणार नाही.