सालगड्याची वही

आमच्या घरी आजोबांच्या वेळची लाल कापडी बांधणीची वही आहे. तीत सालगड्यांचे हिशेब आहेत. पाडव्याला साल ठरे : इतकी ज्वारी, धोतरजोडी, घोंगडी, वहाणा आणि थोडे रोख. एका गड्यापुढे लग्नासाठी दिलेली उचल मांडली आहे. पुढची पाने उलटली तर ती फिटण्याऐवजी वाढतच गेलेली. शेवटी त्याच्या जागी त्याच्या मुलाचे नाव आले, रक्कम मात्र तीच.

याला आपल्या जिल्ह्यात भगेला म्हणत. हैदराबाद संस्थानाने १९३६ मध्ये भगेला करारांना आळा घालणारा कायदा केला. पण तो गावापर्यंत पोचवणार कोण? ज्यांच्या हातात गावचे दप्तर, त्यांच्याच शेतात हे गडी राबत. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेल्यावर सरकार जागे झाले आणि गोंडांच्या स्थितीच्या अभ्यासासाठी हायमेनडॉर्फ इथे आले. आपले सेतुमाधवराव पगडीही पुढे याच जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी शिकून तिचे व्याकरण लिहिले. आपल्यापैकी बरीच घराणी मात्र तेव्हा वहीच्या दुसऱ्या बाजूला होती, हे सांगायला हवे.

"तेव्हा भावच तसा होता," असे आजोबा म्हणत. मला ते पटत नाही. भाव ठरायला दोघांनाही नाही म्हणता आले पाहिजे. शेजारच्याने दोन पायल्या जास्त देऊ केल्या तरी त्या गड्याला जाता येत नव्हते. मग त्याला बाजार कसे म्हणायचे?

१९४८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. त्यातल्या प्रथांच्या यादीत भगेला आणि वेट्टी ही नावे छापलेली आहेत. कार्यालयात ते पान वाचले तेव्हा मला घरची वहीच आठवली.

२००६ मध्ये रोजगार हमी आली, तेव्हा पहिल्याच टप्प्यात आपला जिल्हा होता. महाराष्ट्रात वि. स. पागे यांनी रुजवलेल्या योजनेची ही धाकटी बहीण. मजूर मिळत नाहीत अशी ओरड तेव्हापासून ऐकतो. मजुराला नाही म्हणता येऊ लागले, एवढाच तिचा अर्थ.

शेतकऱ्याचेही खोटे नाही. कापसाचा भाव त्याच्या हातात नाही, वेचणीचा दर मात्र चढतो. पहिल्या वेच्याला बोंडे भरलेली असतात, किलोवर बाईचा रोज सुटतो. शेवटच्या वेच्याला तोच दर दिला तर दिवसभर वाकूनही हाती काही पडत नाही. म्हणून माझे मत असे, की तळाची रक्कम न्यायाने ठरावी आणि त्यावरची घासाघीस बाजाराने. अर्थात माझा स्वतःचा पगार पीआरसीवर ठरतो, तेव्हा बाजाराची तरफदारी मी जपूनच करतो!

गेल्या दिवाळीनंतर पैनगंगेपलीकडून आलेल्या बायकांनी आमच्या बांधावर उभ्याउभ्याच दर विचारला. तो पटला नाही, तशा टेम्पोत बसून पुढच्या गावाला निघून गेल्या. आईला फार राग आला. दुसऱ्या दिवशी भावाने फोन करून किलोमागे एक रुपया वाढवला.