सा कुठल्या फ्रेटवर?

विचुंबे गावात गिटार शिकायला लागलेल्या मुलाच्या वहीत पहिल्या काही आठवड्यांतच एक चित्र येतं: सहा आडव्या रेषा, चार-पाच उभ्या आणि त्यांवर बारा ठिपके. पेंटाटोनिकचा पहिला बॉक्स. सोलो वाजवायचा तर सुरुवात इथून. हे सगळं अमेरिकेतून, ब्लूजमधून आलं असं मुलाला वाटतं आणि घरच्यांनाही. त्याच घरातले आजोबा संध्याकाळी देवळात पेटी पुढ्यात ओढून काळी एकचा सूर धरतात. आजोबांची पेटी आणि नातवाचा बॉक्स यांचं नातं शोधायचं तर देवगिरीपर्यंत मागे जावं लागतं.

तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. घराणं मूळचं काश्मीरचं, काम राजाच्या हिशेबाचं. ‘संगीतरत्नाकर’ वाचताना हा हिशेबनीस जागोजागी भेटतो. सात स्वर, एकही पुन्हा न घेता, किती प्रकारे मांडता येतील? 5040. एवढं सांगून तो थांबत नाही. ‘खंडमेरू’ नावाचं कोष्टकच देतो. अमुक क्रमांकाची तान कोणती किंवा हातातली तान कितवी, हे त्यावरून सगळी यादी न लिहिता काढता येतं. सारेग, रेगम असे जे पलटे आज मेट्रोनोम लावून गिटारवर घोटले जातात, त्यांचा जमाखर्च देवगिरीच्या डोंगराखाली कधीच मांडून झाला आहे. त्याच ग्रंथात किन्नरी वीणा आहे, दांडीवर मेणाने पडदे बसवलेली.

पडदे आले की सप्तक नजरेला दिसायला लागतं. गळ्यातल्या कोमल गंधाराकडे बोट दाखवता येत नाही, दांडीवरच्या दाखवता येतं. सोळाव्या शतकात खानदेशच्या फारुकी सुलतानाच्या आश्रयाला बुऱ्हाणपुरात राहिलेला पुंडरीक विठ्ठल ‘सद्रागचंद्रोदया’त वीणेच्या पडद्यांची मांडणी सांगतो आणि रागांना मेळांमध्ये, म्हणजे स्वरांच्या ठरावीक संचांमध्ये, बसवतो. पुढे सतारीवर हेच रोजच्या सवयीचं झालं. चल थाटाच्या सतारीवर राग बदलला की वादक दोऱ्याने बांधलेले पडदे वर-खाली सरकवतो. पडद्यांच्या त्या ठेवणीलाच थाट म्हणत.

वाळकेश्वरात 1860 साली जन्मलेले, पेशाने वकील असलेले पंडित भातखंडे तरुणपणी सतार शिकले होते. 1904 च्या दक्षिणेच्या दौऱ्यात त्यांनी तिकडची मेळपद्धत जवळून पाहिली आणि पुढे हिंदुस्थानी रागांसाठी दहा थाट ठरवले. त्यातले सहा गिटारच्या क्लासमध्ये मोड्स म्हणून शिकवले जातात: बिलावल म्हणजे मेजर स्केल, काफी म्हणजे डोरियन, खमाज मिक्सोलिडियन, कल्याण लिडियन, आसावरी एओलियन, भैरवी फ्रिजियन. सातव्या लोक्रियनला शुद्ध पंचमच नाही, म्हणून तिला थाटांत जागा नाही. थाटांवर टीका पुष्कळ झाली आणि ती रास्तही आहे. दहा खणांत सगळे राग मावत नाहीत. पण विद्यार्थ्याच्या हातात काहीतरी धरायला आलं, हेही खरं.

युरोपची वाट थोडक्यात सांगतो. गॅलिलिओचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी 1581 साली ल्यूटसाठी हिशेब दिला: प्रत्येक पुढचा पडदा तारेच्या उरलेल्या लांबीच्या अठराव्या भागावर. आज भाजक 17.817 धरतात. 650 मिलिमीटर तारेच्या गिटारवर पहिला फ्रेट साधारण साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो. हे फ्रेट धातूचे, ठोकून बसवलेले. राग बदलला म्हणून ते हलत नाहीत.

अशाच न हलणाऱ्या स्वरांची पेटी आपल्याकडे आली तेव्हा मात्र मोठा वाद झाला. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी 1910 साली बावीस श्रुतींवर, म्हणजे पेटीच्या बारा पट्ट्यांत न मावणाऱ्या सूक्ष्म स्वरांवर, पुस्तक लिहिलं. त्यांनी आणि क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याने श्रुतींची खास पेटी घडवण्याचा खटाटोप केला. 1940 पासून आकाशवाणीने पेटीला दार बंद केलं, ते सत्तरच्या दशकात किलकिलं झालं. गावातल्या भजनी मंडळांनी यातलं काहीच मनावर घेतलं नाही. उलट पट्ट्यांनी स्वरांना नावं दिली: पांढरी एक, काळी एक, पांढरी चार. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सॉल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, शिकून मुंबईच्या चित्रपटसंगीतात आलेल्या वादकांनी पेटीवरच्या सरगमीचं स्टाफ नोटेशन करून घेतलं, आणि दोन्ही वाटा स्टुडिओत एकत्र आल्या.

आता नातवाने भजनात गिटार घेऊन बसायचं ठरवलं तर? काळी एक म्हणजे सी शार्प. पाचव्या तारेचा चौथा फ्रेट किंवा सहाव्या, सर्वांत जाड तारेचा नववा. वहीतला बॉक्स त्याने सहाव्या फ्रेटवर ठेवावा. जाड तारेवर पहिलं बोट सहाव्या फ्रेटवर येतं, करंगळी नवव्यावर. करंगळीखालचा स्वर सा मानला की हे पाच स्वर काळी एकमधला भूप. पहिल्या बोटाखालचा सा मानला की तेच पाच स्वर काळी पाचमधली धानी, म्हणजे ब्लूजवाल्यांची मायनर पेंटाटोनिक. सा आणखी सरकवत गेलं तर मधमाद सारंग, मालकंस, दुर्गा. जुन्या ग्रंथांतली मूर्च्छना ती हीच, आणि क्लासमध्ये जे पाच बॉक्स पाठ करून घेतात तेही हेच. फक्त सा कुठे, हे बहुतेक क्लासमध्ये सांगायचं राहून जातं. मुलं बॉक्स धावत पार करतात आणि सोलो कुठेच टेकत नाही.

सा सापडल्यावरही एक काम उरतं. भूप आणि देशकार यांचे पाचही स्वर तेच, सा तोच. काळी एकमध्ये पाचव्या तारेच्या आठव्या फ्रेटवर गंधार आहे. तिथे रेंगाळलं तर आजोबा भूप ओळखतील. चौथ्या तारेच्या आठव्यावर धैवत आहे. तिथे मुक्काम करून वरच्या सा कडे, म्हणजे तिसऱ्या तारेच्या सहाव्या फ्रेटकडे, जात राहिलं तर देशकार.