कोसळलेल्याचा पंचनामा

मंडळी, घरातली संगणकवाली मुले 'कोअर डंप' हा शब्द सारखा वापरतात. आम्ही मराठी माध्यमातले बी.ए.; पण शब्द कानावर पडला की त्याचे मूळ शोधायची मास्तरांची खोड निवृत्तीनंतरही जात नाही.

इथे कोअर म्हणजे प्रोग्रामचा गाभा नव्हे, तर फेराइटची चिमुकली कडी. 1950 च्या दशकात अशा हजारो कड्या तारांत ओवून संगणकाची स्मृती विणत. एका कडीत एक बिट. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेल्या आणि 1960 साली सुरू झालेल्या 'टिफ्रॅक' संगणकाची स्मृतीही याच जातीची. प्रोग्राम अडला की त्या काळी स्मृतीतला सगळा मजकूर कागदावर उतरवून तपासत. तोच कोअर डंप. 1970 च्या दशकात कड्या जाऊन चिप आल्या, नाव तेवढे उरले. शाई निळी असली तरी आपण शाईच म्हणतो ना? मूळ फारसी शब्दाचा अर्थ काळेपणा! युनिक्सने हे नाव जपले आणि 1991 साली सुरू झालेल्या लिनक्सनेही तेच घेतले.

मी याला पंचनामा म्हणेन. प्रोग्राम कोसळला त्या क्षणी स्मृतीत काय होते, कोणती आज्ञा चालू होती, हे लिनक्स एका फाइलीत लिहून ठेवते. डेव्हलपर 'जीडीबी' या साधनाने ती उघडून कारण शोधतो. खुद्द लिनक्सचा कर्नलच कोसळला तर? मेलेला स्वतःचा पंचनामा कसा लिहिणार! म्हणून 2005 पासून 'केडंप'ची सोय आहे. राखून ठेवलेल्या स्मृतीत दुसरा कर्नल तयार असतो. पहिला पडला की तो उठून नोंद करतो.

आम्हा लातूर-नांदेडकडच्यांना याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. घरे का पडली, हे पडलेल्या घरांनीच सांगितले. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारा आरपार दगड नाही आणि वर माळवदाचा बोजा. अभियंत्यांनी हे पाहिले, म्हणून पुढे भिंती बळकट करताना आरपार दगड आणि आडवे पट्टे यांवर भर आला. न पाहताच दगड उचलले असते तर तशीच भिंत पुन्हा उभी राहिली असती.

पण ढिगारा जन्मभर अंगणात ठेवता येत नाही. या फाइली अवाढव्य असतात, डिस्क भरून टाकतात. म्हणून कित्येक ठिकाणी 'यूलिमिट' या आज्ञेने त्यांचा आकार शून्यावर ठेवतात, म्हणजे पंचनामाच नाही! 'सिस्टिमडी'ची पद्धत मधली आहे. फाइल दाबून लहान करायची आणि एरवी डिस्कच्या 10 टक्क्यांपलीकडे जागा द्यायची नाही. शिवाय त्या स्मृतीत कुणाचा पासवर्ड, कुणाचा खासगी मजकूरही असू शकतो. तेव्हा ती फाइल गावभर फिरवू नये. कारण सापडले, वहीत टिपले, की पुसून टाकावी. आधी मात्र नको.

तरुण मंडळींनी याहून चांगला मराठी शब्द सुचवला तर आनंदच आहे.